पाय हलतो, पण कुठे पडतो ते कळत नाही

पत्र

मॅडम, आमचं गाव राजापूर तालुक्यात. गेल्या वैशाखात आमचे हे आंबे काढताना हापूसच्या झाडावरून पडले. वय छत्तीस. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू टाकलेत. कार्डावर 'डी १०' आणि 'एआयएस सी' असं लिहिलंय. पहिला दीड महिना पाय लाकडासारखे पडून होते, मग डाव्या पायाचा अंगठा हलला. आता दहा महिने झाले. वॉकर धरून पडवीत चालतात, पण पाय एकमेकांत अडकतात, टाकायचा तिथे पडत नाहीत. सारखं खाली बघत चालावं लागतं. परवा मोरीत तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि कोसळले. तरी रोज तासभर घाम निघेपर्यंत चालायचा हट्ट असतो. सासूबाई निर्गुडीचा पाला गरम करून शेक देतात. लघवीची नळी अजून घालावी लागते, लिहायला लाज वाटते. कुणी म्हणतं वर्ष उलटलं की पुढे काही सुधारत नाही. कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन सांगतंय, साडेतीन लाखांचं. त्यासाठी वीस कलमं विकायची म्हणतायत. मी रोज त्यांना सांगते, पुढच्या हंगामाला तुम्ही झाडावर असाल. हे माझं सांगणं बरोबर आहे का?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे. 'तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि कोसळले.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण गेली अनेक वर्षं मणक्याच्या पेशंटना चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, तुमच्या यजमानांची आजची खरी अडचण त्या एका वाक्यात आली आहे.

पायांत ताकदच नसती तर ते डोळे उघडे असतानाही पडले असते. ते उभे होते ते नजरेच्या आधारावर. डोळे मिटले आणि आधार गेला.

चालताना मेंदूकडून पायांकडे हुकूम जातात हे सगळ्यांना माहीत असतं. पायांकडूनही सतत वर खबर जात असते, गुडघा किती वाकला, टाच टेकली का, अंगठा वर आहे की खाली. ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर चढते. हुकूम दुसऱ्या वाटांनी खाली उतरतात. डी १० म्हणजे पाठीचा दहावा मणका, तिथे रज्जूला मार बसला तेव्हा दोन्ही वाटा बुजल्या. पुढे हुकुमाची वाट बरीचशी मोकळी झाली, म्हणून पाय उचलला जातो. खबरेची वाट मात्र अजून धड उघडलेली दिसत नाही. म्हणून तो कुठे पडतो ते बघितल्याशिवाय कळत नाही.

हे नक्की करायला एक तपासणी घरी करता येईल. त्यांना पाठीवर झोपवा, डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही कडांनी चिमटीत धरा. वरून आणि खालून धरू नका, नाहीतर दाबावरून उत्तर कळतं. हळूच वर किंवा खाली करा आणि विचारा, कुठे गेला? प्रत्येक पायाला दहा वेळा विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. दहापैकी पाच बरोबर आली तर तो नुसता अंदाज आहे, त्यावर खूश होऊ नका. नऊ-दहा आली तर त्या पायाची खबर शाबूत आहे. दोन्ही पायांत फरक निघाला तरी घाबरू नका, तसा फरक पुष्कळदा असतो. अंगठ्याचं कळत नसेल तर घोट्याला तेच करून बघा, मग गुडघ्याला. खबर कुठपर्यंत पोचते ते समजेल, आणि दर महिन्याला तीच तपासणी केलीत की सुधारणा डोळ्यांनी दिसेल.

आता कार्डावरच्या 'सी'बद्दल. एआयएस ही ए ते ई अशी मोजपट्टी आहे. 'ए' म्हणजे गुदद्वाराजवळसुद्धा ना संवेदना ना हालचाल. 'बी' म्हणजे संवेदना आहे पण हालचाल नाही. 'सी' म्हणजे मार बसला त्याखाली हालचाल आहे, पण तपासलेल्या मुख्य स्नायूंपैकी निम्म्याहून जास्त स्नायूंची पॉवर तीनच्या खाली. 'डी' म्हणजे निदान निम्म्या स्नायूंत तीन किंवा वर. 'ई' म्हणजे तपासणीत सगळं पूर्ववत. पॉवर शून्य ते पाच मोजतात, आणि तीन म्हणजे तो अवयव स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता येणं. डॉक्टरांनी त्या अवघड जागी बोट घालून तपासलं असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रज्जूचं शेवटचं टोक जिवंत आहे का, हे तिथेच कळतं.

कार्डावरचा 'सी' आधीच्या तपासणीतला आहे. आज ते वॉकरने चालतात, म्हणजे कदाचित 'डी'त आले असतील. पुन्हा तपासून नवीन अक्षर लिहून घ्या. मांडीच्या पुढच्या स्नायूची आणि पोटरीची पॉवर किती, हे मुद्दाम विचारा. पुढे चालणं कितपत जमेल याचा अंदाज या दोन स्नायूंवरून आणि तिथल्या स्पर्शावरून बऱ्यापैकी बांधता येतो.

पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते घाम निघेपर्यंत चालणं. त्यांची जिद्द मला समजते आणि तिच्याबद्दल आदर आहे. पण दमलेला पाय अडकत, ओढत, वाकडा पडतो, आणि रज्जू जे पुन्हा पुन्हा घडतं तेच शिकतो. वाकडं पाऊल हजार वेळा टाकलं तर वाकडं पाऊलच पक्कं होतं. मी नवीन होते तेव्हा मीही पेशंटना असंच पळवत होते. एका रिक्षाचालकाला वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज चार फेऱ्या मारायला लावायची. दोन महिन्यांत त्याचा दम वाढला, पाऊल होतं तसंच राहिलं. शेवटी माझ्या वरिष्ठ बाईंनी त्याला खाली बसवलं, फरशीवर खडूने एक फुली काढली आणि म्हणाल्या, "फक्त टाच हिच्यावर ठेव. हळू. मला घाई नाही." त्याला तीस वेळांत सात वेळा जमलं. तिथून त्याचं चालणं सुधारायला लागलं.

त्या बाईंनी जे केलं त्याला फ्रेंकेलचे व्यायाम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाइनरिख फ्रेंकेल नावाचे स्विस डॉक्टर होते. तेव्हा गुप्तरोगामुळे रज्जूचा मागचा भाग झिजलेले पुष्कळ रुग्ण असत. त्यांच्या पायांत ताकद असे, पण पाय कुठे आहे ते कळत नसे. तुमच्याकडे जे आहे तेच, कारण फक्त वेगळं. असं सांगतात की असा एक रुग्ण बोट नाकाला लावण्याच्या तपासणीत सपशेल चुकला, आणि काही महिन्यांनी परत आला तेव्हा ते नीट करून दाखवलं. त्याने घरी रोज त्याचाच सराव केला होता. त्यातून फ्रेंकेलना सुचलं की गेलेली खबर नजरेने आणि सरावाने भरून काढता येते. यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि पडवीत करता येतं.

सुरुवात झोपून करायची. पाठीमागे दोन उशा लावून डोकं आणि खांदे इतके उचला की त्यांना स्वतःचे पाय दिसतील. पायाखाली गुळगुळीत प्लायची फळी ठेवा, वर थोडी टाल्कम पावडर टाका आणि पायात सुती मोजा घाला, म्हणजे टाच अडखळणार नाही. टाच फळीवरून कुल्ल्याकडे ओढायची, चार मोजत. तशीच परत सरळ करायची, चार मोजत. मोजणी त्यांनीच करायची आणि मोठ्याने. मग तुम्ही मध्येच कुठेतरी 'थांबा' म्हणायचं आणि पाय तिथेच थांबला पाहिजे. थांबवणं हे हलवण्यापेक्षा कठीण असतं, तिथेच समन्वयाचा कस लागतो. त्यानंतर टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवर ठेवून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नेणं. प्रत्येक प्रकार चार वेळा, मग विश्रांती. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. पाय थरथरायला लागला की ती फेरी संपली.

हे सरळ जमायला लागलं की खुर्चीवर बसून. जमिनीवर खडूने चार खुणा करा आणि त्यांना सांगा, उजवा पाय दोन नंबरवर, आता चारवर, आता परत. मग उभं राहून. ओटीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून आधी बाजूला चालायचं, डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार. पुढे चालण्याआधी बाजूला चालणं घेतात, कारण त्यात तोल सांभाळायला सोपं जातं आणि मांड्या एकमेकींपासून लांब ठेवायची सवय लागते.

आणि मग पुढे चालणं. गौरी घरात आणताना आपण उंबऱ्यापासून पावलं काढतो ना, तशी पावलं पडवीत खडूने काढा. डाव्या पावलांची एक ओळ, उजव्या पावलांची दुसरी, दोन ओळींत वीतभर अंतर. त्यांच्या पायांना कात्रीसारखं अडकायची सवय लागली आहे, तिच्यावर हे उत्तर आहे. पाऊल खुणेवर पडलं तरच पुढचं. चुकलं तर पाय मागे घेऊन पुन्हा. चाळीस पावलं चुकतमाकत टाकण्यापेक्षा आठ पावलं बरोबर टाकलेली मला चालतील. जमलेल्यांचा आकडा वहीत लिहा.

काही आठवड्यांनी, फक्त झोपलेल्या स्थितीत, तेच टाच सरकवणं डोळे मिटून करायला सांगा. उभ्याने डोळे मिटून काहीही करू नये, माणूस शेजारी असला तरी.

पाय अडकण्यामागे दुसरंही कारण आहे. मांडीच्या आतले स्नायू ताठ होतात, फिजिओच्या भाषेत टोन वाढतो. झोपताना गुडघ्यांच्या मधे टॉवेलची गुंडाळी ठेवा. सर्जनची हरकत नसेल तर दिवसातून वीस मिनिटं पालथं झोपू द्या, त्याने कंबरेपुढचे आखडलेले स्नायू सुटतात. ताठपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर ती मनाने अचानक बंद करू नका, ते धोक्याचं असतं. मनाने वाढवूही नका, थोडा ताठपणा त्यांना उभं राहायला मदतही करत असतो. आणि ताठपणा एकाएकी वाढला तर आधी कारण शोधा. लघवीला वास किंवा गढूळपणा, बद्धकोष्ठ, कुठे चट्टा, पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नख. जिथे दुखणं जाणवत नाही तिथलं दुखणं शरीर असं सांगतं.

सासूबाईंच्या हाताला माझा नमस्कार सांगा, पण शेक आजपासून बंद. ज्या पायाला खबर नाही त्याला चटकाही कळत नाही. निर्गुडीचा पाला, विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, यातून झालेले फोड मी पाहिलेत. अशा पायावरची जखम भरायला महिने लागतात आणि तेवढे महिने चालणं बंद पडतं. तेलाचा हात हलकाच फिरवायला माझी ना नाही, मात्र तळवे नंतर स्वच्छ पुसा, नाहीतर घसरतील. एका पायाची पोटरी किंवा मांडी अचानक सुजली, गरम लागली तर मालीश अजिबात नको. रक्ताची गाठ असू शकते, तडक दवाखाना गाठा. रोज रात्री दोन्ही तळवे आणि टाचा बघायच्या. त्यांना स्वतःला आरशात बघू द्या.

मोरीत आजपासून बसूनच तोंड धुणं आणि आंघोळ. चार पायांचा भक्कम स्टूल, खाली रबरी मॅट, भिंतीला धरायला लोखंडी दांडा. घरात हवाई चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा पलंगाजवळ आणि मोरीच्या वाटेवर बॅटरीचा दिवा हवा. नजर हाच त्यांचा आधार आहे, तो अंधारात काढून घेऊ नका.

नळीबद्दल लिहायला लाजू नका. मूत्राशयाच्या नसा पायांच्याही खालून येतात, म्हणून पाय सुधारल्यावरही हे मागे राहतं. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं, ही किडनी वाचवणारी सर्वांत चांगली सवय आहे. ते स्वतः शिकले नसतील तर शिकवा. माणूस स्वतःचं स्वतः करू लागला की बाहेर पडायची भीती कमी होते.

आता वर्षाची गोष्ट. त्यात तथ्य अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. स्नायूंमध्ये आपसूक येणारी पॉवर सर्वांत जास्त पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत येते, पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत तिचा वेग मंदावत जातो. पण आलेली पॉवर वापरायची कशी, हे शिकणं त्यानंतरही चालू राहतं. तोल, पावलाची जागा, वॉकरवरून एल्बो क्रचवर, म्हणजे कोपराच्या कुबड्यांवर, येणं, हे सगळं शिकण्याचं काम आहे. दहाव्या महिन्यात त्यांनी हे काम अजून धड सुरूच केलेलं नाही, नुसतं चालणं केलंय. म्हणून मला त्यांच्याकडून आशा आहे. पंजा खाली लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पंजा वर धरून ठेवणारा आधार, मोजून घ्या. स्प्लिंट घातल्याने पाय आळशी होतो हा समज चुकीचा आहे. पंजा अडकला नाही तरच पाऊल नीट पडायला शिकतं.

मोठ्या शहरातल्या यंत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. पट्ट्याने अंग टांगून ट्रेडमिलवर चालवतात. त्यामागे शास्त्र आहे, पावलांची लय कंबरेच्या पातळीवरच्या रज्जूतही तयार होते. पण अमेरिका आणि कॅनडातल्या १४६ पेशंटवर केलेल्या मोठ्या अभ्यासात, जो २००६ साली छापून आला, बारा आठवडे ट्रेडमिलवर चाललेले आणि तेवढाच सराव जमिनीवर केलेले यांच्या चालण्यात फरक निघाला नाही. दोन्ही गटांत अर्धवट इजा झालेले पुष्कळजण चालू लागले. तुमची पडवी कमी पडत नाही. मणक्याजवळ विजेची पट्टी बसवून काही जणांना पावलं टाकता आली, २०१८ साली स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या चमूने ते दाखवलं. तेही महिनोन् महिने केलेल्या सरावासकटच, आणि अजून ते संशोधनच आहे.

इंजेक्शनसाठी एकही कलम विकू नका. हे मी ठामपणे सांगते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार स्टेम सेलचा उपचार काही ठरावीक रक्ताच्या आजारांपुरता मान्य आहे. बाकी आजारांत तो फक्त परवानगी घेतलेल्या, नोंदणी केलेल्या चाचणीतच करता येतो. मणक्याची इजा त्या मान्य यादीत नाही. तुम्हाला इंजेक्शन सांगणाऱ्या माणसाला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि चाचणी असेल तर पेशंटकडून साडेतीन लाख कशाचे, हेही विचारा. अशी इंजेक्शनं घेऊन आलेले पेशंट माझ्याकडे आलेत. त्यांना इंजेक्शनबरोबर महिनाभर रोज चार तास फिजिओ दिलेली असते. जे थोडं सुधारतं ते कशामुळे, हे मला कळतं. घरी मात्र श्रेय इंजेक्शनला जातं आणि दुसऱ्या डोससाठी जमीन जाते.

खर्च करायचाच तर आठ-पंधरा दिवस मुंबईला राहण्याचा करा. हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. तिथे तपासणी, व्यायाम आणि स्प्लिंट बनवणं एकाच जागी होतं. मुंबईतच नीना फाउंडेशन मणक्याच्या इजा झालेल्यांसाठी काम करतं. अशा माणसांशी बोलणं यजमानांना माझ्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. 'आम्ही बरे होणार, मग कार्ड कशाला' असं म्हणून लोक दोन-दोन वर्षं घालवतात. बरे झाल्यावर कार्ड परत करता येतं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. नाही ताई, पुढच्या हंगामाला झाडावर असाल हे सांगू नका. ज्या पायाला फांदी कळत नाही तो पाय फांदीवर ठेवायचा नाही, पॉवर पाच झाली तरीही. ते त्यांनाही आतून माहीत असणार, आणि तुम्ही रोज ते म्हणता तेव्हा त्यांना तुमच्यासमोर आपली भीती बोलता येत नाही. मला वाटतं, तासभर घाम गाळणं त्या वाक्यासाठीच चाललंय. एकदा शांतपणे सांगा की झाड गेलं तरी बाग आहे. त्या दिवशी ते रागावतील, कदाचित जेवणार नाहीत. चालेल.

हंगाम दोन-अडीच महिन्यांवर आलाय. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, आणि खळ्यात कंबरेइतक्या उंचीचं टेबल मांडा. डावीकडे काढलेल्या आंब्यांचा क्रेट, उजवीकडे पेंढा घातलेली पेटी. त्यांना टेबलाला पोट टेकवून उभं करा, पाय वीतभर अंतरावर, मागे हाताची खुर्ची चिकटून ठेवलेली. डावीकडून आंबा उचलायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा, उजवीकडे पेटीत लावायचा. दर आंब्याला अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. वॉर्डात मी हेच प्लॅस्टिकच्या रिंगा घेऊन करून घेते. दहा मिनिटं झाली की बसवायचं, पाणी द्यायचं, मग पुन्हा दहा मिनिटं. पहिल्या दिवशी एक पेटी पुरे. किती आंबे झाले आणि किती वेळा टेबल धरावं लागलं, ते त्याच वहीत लिहा, आणि मे महिन्यात ती पानं मला पाठवा.